‘डॅमेज्ड’मधला खुळखुळाट

माझ्या वडिलांचे रेडिओ-दुरुस्तीचे दुकान लॅमिंग्टन रोडच्या एका आडगल्लीत होते आणि आमचे बिऱ्हाड गिरगावातल्या एका चाळीत दुसऱ्या मजल्यावर. १९९६ च्या पावसाळ्यात, मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असताना, एका मित्राने मला साठ मिनिटांची एक कॅसेट दिली. त्याचा मोठा भाऊ मर्चंट नेव्हीत होता आणि सुट्टीवर येताना तो परदेशी बंदरांतून तबकड्या आणि सीडी घेऊन येत असे. त्यांतल्याच एकीवरून ही कॅसेट भरलेली होती. खोक्याच्या आतल्या कागदावर निळ्या बॉलपेनने ‘ब्लॅक फ्लॅग – डॅमेज्ड’ एवढेच लिहिलेले होते. पहिले नाव अमेरिकेतल्या एका पंक बँडचे, दुसरे त्यांच्या तबकडीचे. गाण्यांची नावे नव्हती, वादकांची नावे नव्हती, साल नव्हते. पहिल्या बाजूवर चौदा गाणी जेमतेम बसली होती आणि पंधरावे, शेवटचे गाणे दुसऱ्या बाजूला एकटेच गेले होते.

त्या काळी मुंबईत रॉक ऐकणाऱ्या मुलांची दोन ठिकाणे ठरलेली होती. काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाउसमध्ये तासन्‌तास उभे राहून कॅसेटींची पाठ वाचायची आणि ऑगस्टमध्ये इंडिपेंडन्स रॉक या संगीत-महोत्सवासाठी धोबीतलावच्या रंगभवनात जायचे. दोन्ही ठिकाणी मी हेवी मेटल पोटभर ऐकले होते. तरीही ही कॅसेट लावल्यावर पहिल्या दहा सेकंदांत मला कळले की हे काही निराळे आहे. मेटलमध्ये एक दिमाख असतो, रंगमंचावरची रोषणाई आवाजातच ऐकू येते. इथे दिमाख नव्हता. बंद खोलीत पाच माणसे एकमेकांच्या अगदी जवळ उभी राहून जिवाच्या आकांताने वाजवत आहेत, असे वाटत होते.

बाबा दुकान बंद करून घरी आले तेव्हा कॅसेट चालूच होती. मी घाईघाईने आवाज कमी करायला गेलो, तर त्यांनी हाताने थांबवले. दारातच उभे राहून, मान किंचित तिरपी करून त्यांनी ऐकले. बिघडलेला रेडिओ ऐकताना ते नेहमी असेच उभे राहत.

“स्पीकर गेलाय का रे?” त्यांनी विचारले.

“नाही बाबा, गाणंच तसं आहे.”

“गाणं असू दे. मागे काहीतरी खुळखुळतंय. स्क्रू सुटलाय कुठला तरी.”

त्यांनी छत्री कोपऱ्यात ठेवली, टेप बंद केला, पाठ उघडली, स्पीकरच्या कागदी शंकूवर दोन अंगठे अलगद दाबून पाहिले, प्रत्येक स्क्रू आवळला आणि पुन्हा कॅसेट लावली. खुळखुळाट होताच. दुसरी एक कॅसेट लावून पाहिली, तर तो नाहीसा झाला. “यंत्रात दोष नाही,” ते म्हणाले, “आवाज त्या लोकांच्या खोलीतलाच आहे.” एवढे बोलून ते हातपाय धुवायला गेले. मी मात्र त्या दिवसापासून ती कॅसेट ऐकताना गाण्याइतकाच तो खुळखुळाट ऐकू लागलो. तो ढोलाच्या बाजूने येत होता, प्रत्येक ठोक्याच्या किंचित मागे, सुट्या नाण्यांसारखा.

तो कशाचा आवाज होता हे मला समजायला बारा वर्षे लागली. तोवर इंटरनेट आले होते आणि या बँडविषयी जे जे वाचायला मिळेल ते मी वाचत होतो. त्या वाचनातून बँडची जी गोष्ट उभी राहिली, ती मी ऐकून घेतलेल्या पंकच्या व्याख्येशी मुळीच जुळत नव्हती. पंक म्हणजे ज्यांना वाजवता येत नाही त्यांनी रागाच्या भरात केलेला गोंगाट, असे आमच्यात सर्रास बोलले जाई. ‘डॅमेज्ड’ हा राग आहेच; पण तो पाच वर्षे रोज तास-तास घासलेला राग आहे. त्याला आपल्याकडे रियाज म्हणतात, आणि या शब्दाचा वापर मी इथे पूर्ण जबाबदारीने करत आहे.

बँडचा मूळ पुरुष ग्रेग गिन. त्याचा जन्म १९५४ चा. लॉस एंजेलिसच्या नैर्ऋत्येला प्रशांत महासागराच्या काठी हर्मोसा बीच नावाचे छोटे गाव आहे. लाटांवर फळ्या घेऊन स्वार होणाऱ्यांचे, निवांत, उन्हाळलेले गाव. गिनला त्या लाटांमध्ये रस नव्हता. त्याला हौशी रेडिओचे, म्हणजे हॅम रेडिओचे वेड होते. बाराव्या वर्षी, १९६६ मध्ये, त्याने घरातूनच टपालाने माल पाठवण्याचा धंदा सुरू केला. दुसऱ्या महायुद्धातली जुनी, लष्कराने मोडीत काढलेली रेडिओ-सामग्री घेऊन, तिच्यात फेरफार करून तो ती हौशी मंडळींना विकत असे. धंद्याचे नाव होते सॉलिड स्टेट ट्यूनर्स, आद्याक्षरांनी एसएसटी. पुढे अमेरिकेतल्या भूमिगत संगीताच्या इतिहासात जी एसएसटी रेकॉर्ड्स प्रसिद्ध झाली, ती या शाळकरी मुलाच्या रेडिओ-धंद्याचीच पुढची पायरी होती.

हे वाचले त्या संध्याकाळी मी बाबांना सांगितले की तुम्ही ज्यांच्यासाठी स्पीकर उघडला होता ना, त्यांचा म्होरक्या तुमच्याच धंद्यातला निघाला. बाबा तेव्हा साठीच्या पुढे गेले होते आणि दुकानात रेडिओपेक्षा मोबाइलचे चार्जर जास्त येऊ लागले होते. त्यांनी बँडविषयी काही विचारले नाही, “ट्यूनर कसले करायचा? अँटेनाचे?” एवढेच विचारले. मी होय म्हटल्यावर त्यांनी सविस्तर समजावले. ट्रान्समीटर आणि अँटेना यांचा मेळ बसलेला नसेल तर पाठवलेली ताकद बाहेर हवेत जातच नाही, ती तारेतून उलटी मागे येते आणि यंत्रालाच तापवते. मेळ बसवायचा तर गुंडाळी आणि कपॅसिटर यांच्याशी धीराने खेळत बसावे लागते, एकेक खूण फिरवत. “घाई करणाऱ्याचं ते काम नाही,” बाबा म्हणाले.

गिनने गिटार हातात घेतली ती एकोणिसाव्या वर्षी, म्हणजे वादकाच्या हिशेबाने उशिराच. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेत त्याने अर्थशास्त्राची पदवी घेतली. १९७६ मध्ये न्यूयॉर्कच्या रमोन्स या बँडचा कार्यक्रम त्याने पाहिला आणि इतक्या थोड्या सामग्रीत इतका वेग आणि इतका नेमकेपणा येऊ शकतो हे त्याला उमगले. त्याच वर्षी त्याने कीथ मॉरिस या मित्राबरोबर बँड सुरू केला. मॉरिस वडिलांच्या गळ-दोरीच्या, मासेमारीच्या सामानाच्या दुकानात काम करत असे. त्याला खरे तर ढोल वाजवायचा होता; गिनने त्याला गायला लावले. बँडचे पहिले नाव होते पॅनिक. बेस वाजवायला माणूस टिकेना, तेव्हा दुसऱ्या एका बँडमधला गॅरी मॅकडॅनियल येऊन मिळाला. तो चक डुकोवस्की या नावाने ओळखला जातो, आणि माझ्या मते बँडच्या आक्रमकपणाचे अर्धे श्रेय या माणसाला द्यायला हवे. गिन मितभाषी, आतल्या आत धुमसणारा. डुकोवस्की बोलका, वाद घालणारा, पत्रके वाटणारा, दौरे ठरवणारा.

पॅनिक नावाचा आणखी एक बँड आहे असे कळल्यावर नाव बदलावे लागले. नवे नाव, ब्लॅक फ्लॅग, गिनच्या धाकट्या भावाने सुचवले. वडिलांनी लाडाने ठेवलेल्या फ्रेंच टोपणनावावरून रेमंड पेटिबॉन हे नाव त्याने घेतले होते आणि आज तो मोठा चित्रकार म्हणून जगभर मान्यता पावलेला आहे. पांढरे निशाण म्हणजे शरणागती, मग काळे निशाण म्हणजे शरण न जाणे, असा त्याचा सरळ अर्थ होता. अराजकवाद्यांचे निशाणही काळेच. त्यानेच बँडचे चिन्ह काढले: चार जाड, काळ्या, उभ्या पट्ट्या, एकमेकींपेक्षा किंचित वर-खाली, म्हणजे वाऱ्यावर हलणारे निशाण. ते चिन्ह रंगाच्या फवाऱ्याने कोणालाही पाच सेकंदांत भिंतीवर काढता येई, आणि लॉस एंजेलिसच्या पुलांखाली, कठड्यांवर ते सगळीकडे दिसू लागले. जाहिरातीला पैसे नसलेल्या माणसांनी शोधलेला इतका अचूक उपाय मी दुसरा पाहिलेला नाही.

पहिली तबकडी, ‘नर्व्हस ब्रेकडाउन’, त्यांनी १९७८ च्या सुरुवातीला ध्वनिमुद्रित केली. चार गाणी, सगळी मिळून जेमतेम पाच मिनिटे. ज्या कंपनीने ती काढायचे कबूल केले होते तिच्याकडून महिनोन्‌महिने काही हालचाल होईना. तेव्हा गिनने टेलिफोनची डिरेक्टरी उघडली, तबकड्या छापणाऱ्या कारखान्याचा नंबर शोधला आणि १९७९ मध्ये स्वतःच ती प्रसिद्ध केली. रेडिओचा धंदा हाताशी होता. टपालाने माल पाठवण्याची सवय लहानपणापासूनची होती. नाव तेच, एसएसटी. मला इथे साठच्या दशकातली आपली अनियतकालिके आठवतात. प्रस्थापित मासिके आपल्याला छापणार नाहीत हे ओळखून याच मुंबईत काही तरुण कवी-लेखकांनी सायक्लोस्टाइलवर स्वतःचे अंक काढले आणि ते हातोहात पोचवले. त्या अंकांची शाई पसरलेली असे, कागद हलका असे, आणि मराठी कवितेचे वळण त्या हलक्या कागदावर बदलले. गिनच्या हाताला लागलेली शाई त्याच जातीची होती.

लोकांनी त्यांना डोक्यावर घेतले असे मुळीच नाही. १९७९ च्या जुलैत मॅनहॅटन बीच या शेजारच्या गावातल्या पॉलिवॉग पार्कमध्ये त्यांचा कार्यक्रम झाला. रविवारची दुपार, कुटुंबे डबे घेऊन हिरवळीवर बसलेली. बँड वाजवू लागला आणि थोड्याच वेळात कलिंगडाच्या फोडी, सँडविच, पेयांचे डबे असे जे हाताला लागेल ते व्यासपीठावर येऊन पडू लागले. बँडने वाजवणे थांबवले नाही. या प्रसंगाचे वर्णन मी अनेकांना गमतीने सांगताना ऐकले आहे. मला त्यात गंमत वाटत नाही. आपल्यावर अन्न फेकले जात असताना ताल न सोडणे ही वादकाची कसोटी आहे, आणि ती ते उतरले.

आता रियाजाविषयी. हर्मोसा बीचमधल्या एका जुन्या चर्चच्या इमारतीत कलावंतांना खोल्या भाड्याने मिळत; बँडचे काही जण तिथेच राहत आणि तिथेच सराव करत. गिनचा शिरस्ता असा, की सराव रोज, अनेक तास, आणि कार्यक्रम असो वा नसो. सुरुवातीचे कितीतरी वादक एवढ्याच कारणाने टिकले नाहीत. एकच गाणे पुन्हा पुन्हा, आधी सावकाश, मग वेगाने, इतक्या वेळा की शेवटी बोटांना विचार करावा लागू नये. शेजाऱ्यांच्या तक्रारी, पोलिसांच्या फेऱ्या, जागा सोडणे, नवी जागा शोधणे हे चक्र त्यातूनच सुरू झाले. ज्याने मुंबईत चाळीच्या खोलीत एकदा तरी गिटारचा अॅम्प्लिफायर लावला आहे त्याला यातला प्रत्येक शब्द कळेल. आम्ही चार मित्रांनीही एक बँड काढला होता. लालबागच्या एका गोदामात तासावर भाडे देऊन सराव करायचो, आणि पाचव्या महिन्यात मालकाने कुलूप घातले तेव्हा आम्ही बँडलाही कुलूप घातले. मला आजही त्याची खंत आहे. ब्लॅक फ्लॅगच्या मंडळींनी अशी किती कुलपे पाहिली आणि तरी सराव चुकवला नाही, हे वाचताना मला आमच्यात काय कमी होते ते दिसले.

गायक मात्र टिकत नव्हते. १९७९ च्या अखेरीस मॉरिस बाहेर पडला आणि त्याने सर्कल जर्क्स हा स्वतःचा बँड काढला. त्याच्या जागी आलेला रॉन रेयेस एका कार्यक्रमात प्रेक्षकांमधल्या हाणामारीला वैतागून मध्येच निघून गेला. उरलेला कार्यक्रम बँडने प्रेक्षकांनाच गायला लावून पार पाडला. मग डेझ कडेना आला. त्याचे वडील जॅझच्या तबकड्यांचे नावाजलेले निर्माते होते, त्याने स्वतः पूर्वी कधी बँडमध्ये गायन केले नव्हते, आणि तरी त्याच्या आवाजात जी खरवड होती ती मला या बँडच्या सगळ्या गायकांमध्ये सर्वांत मनापासूनची वाटते. पण सलग दौऱ्यांनी त्याचा गळा बसू लागला. आपण गिटार वाजवावी असे त्याला वाटू लागले होते. याच काळात लॉस एंजेलिसचे पोलीस त्यांच्या कार्यक्रमांवर नजर ठेवून असत. हेल्मेट घातलेल्या तुकड्या येत, कार्यक्रम बंद पाडला जाई, लाठ्या चालत. ‘पोलीस स्टोरी’ हे दीड मिनिटाचे गाणे या अनुभवातून थेट आलेले आहे.

१९८१ च्या जूनमध्ये बँड न्यूयॉर्कला आला. वॉशिंग्टनमध्ये आइस्क्रीमच्या दुकानात व्यवस्थापक असलेला वीस वर्षांचा एक मुलगा त्यांचा कार्यक्रम पाहण्यासाठी काही तास गाडी चालवत तिथे पोचला. मूळ नाव हेन्री गारफिल्ड, गाण्यापुरते नाव हेन्री रोलिन्स. त्याचाही एक छोटा बँड होता आणि ब्लॅक फ्लॅगशी पत्रव्यवहार होता. रात्री उशिरा एका लहानशा बारमध्ये बँड पुन्हा वाजवत असताना त्याने ‘क्लॉक्ड इन’ हे गाणे वाजवायची विनंती केली, कारण सकाळी त्याला दुकान उघडायला परत जायचे होते, आणि ते गाणे आहेच मुळी कामावर हजर होण्याविषयी. गाणे सुरू झाले आणि तो व्यासपीठावर चढून स्वतःच गाऊ लागला. काही दिवसांनी त्याला न्यूयॉर्कला बोलावणे आले. सरावाच्या खोलीत त्याने बँडची यादीतली झाडून सगळी गाणी गायली, आणि डुकोवस्कीने त्याला तू आमचा गायक आहेस असे सांगितले. त्याने नोकरी सोडली, होते-नव्हते ते विकले आणि कॅलिफोर्निया गाठली. कडेनाला हवी होती तशी दुसरी गिटार मिळाली.

‘डॅमेज्ड’ म्हटले की आज लोकांच्या डोळ्यांपुढे रोलिन्स येतो, कारण मुखपृष्ठावर तो आहे. मुंडण केलेले डोके, आरशावर आपटलेली मूठ, तडकलेल्या काचेतला त्याचा चेहरा. एड कोल्व्हर या छायाचित्रकाराने ते टिपले. आरसा आधीच हातोडीने तडकवलेला होता आणि मनगटावरचे रक्त लाल शाई आणि कॉफी यांसारख्या घरगुती जिनसांच्या मिश्रणाचे होते. चित्र प्रभावी आहे यात वाद नाही. पण त्या चित्रामुळे एक अन्याय झाला आहे असे मला ठामपणे वाटते. रोलिन्स आला तेव्हा तबकडीचा सांगाडा उभा होता. बहुतेक गाणी गिनने आणि डुकोवस्कीने लिहून, दोन-तीन वर्षे वाजवून, पारखून ठेवलेली होती. आधीच्या गायकांबरोबर त्यांतल्या अनेकांचे ध्वनिमुद्रणही झालेले होते. रोलिन्सने त्यांत प्राण ओतला हे खरे. परंतु ज्यात ओतला ते पात्र इतरांच्या हातांनी घडलेले होते.

ध्वनिमुद्रण १९८१ च्या उन्हाळ्याच्या अखेरीस वेस्ट हॉलिवूडमधल्या युनिकॉर्न स्टुडिओत झाले. यंत्रावर ग्लेन लॉकेट होता, सगळे त्याला स्पॉट म्हणत. तो बँडचा जुना सोबती. पंधरा गाणी, सुमारे पस्तीस मिनिटे. आवाज दाट आहे, दोन गिटारी एकमेकींत मिसळून चिखल झाल्यासारख्या वाटतात, आणि या कारणासाठी तबकडीला नावे ठेवणारे लोक आहेत. मला तो दाटपणा योग्य वाटतो. ही गाणी कोंडलेल्या माणसाची आहेत. त्यांना मोकळी हवा मिळाली असती तर ती खोटी वाटली असती. सुरुवातीचे ‘राइज अबव्ह’ हे गाणे सामूहिक आहे, त्यात ‘आम्ही’ आहे, त्याचा घोष सगळ्यांनी मिळून करायचा आहे. त्यानंतर हळूहळू ‘आम्ही’ सुटत जातो आणि ‘मी’ उरतो. ‘डिप्रेशन’, ‘रूम थर्टीन’, ‘व्हॉट आय सी’, ‘पॅडेड सेल’, ‘लाइफ ऑफ पेन’ ही शीर्षकेच त्या उताराच्या पायऱ्या आहेत. त्याआधीच्या पंकमध्ये राग बहुधा बाहेर रोखलेला असे, राणीवर, सरकारवर, कंपन्यांवर. इथे तो आत वळतो, आणि त्यामुळे तो अधिक भयंकर होतो. ‘टीव्ही पार्टी’ हे घरात बसून दूरदर्शन पाहत राहणाऱ्यांवरचे विनोदी गाणे मला या मालिकेत उपरे वाटते. ते चांगले नाही असे नव्हे, पण ते आले की उतरत्या वाटेवर कोणीतरी मध्येच दिवा लावल्यासारखे होते.

गिनच्या गिटारीविषयी थोडे अधिक लिहिले पाहिजे. त्याची गिटार अॅम्पेग कंपनीची, डॅन आर्मस्ट्राँगने रचलेली, आरपार दिसणाऱ्या अॅक्रिलिकच्या अंगाची. तिच्यावर तो जे सोलो वाजवतो ते प्रथम चुकल्यासारखे ऐकू येतात. सूर अपेक्षित ठिकाणी येत नाहीत, कधी अर्धा घर वर, कधी खाली. वीस वेळा ऐकल्यावर कळते की तो प्रत्येक वेळी त्याच जागी, त्याच हेतूने बाहेर पडतो आहे आणि खालचा ठेका मात्र तसूभरही ढळत नाही. वादकाने ठरलेले घर सोडून रेंगाळावे आणि सम मात्र अचूक गाठावी, हे ज्याने तबल्याच्या साथीवर ऐकले आहे त्याला या सोलोंची ओळख लवकर पटेल.

आणि तो ठेका धरणारा माणूस म्हणजे रोबो. कोलंबियातून आलेला, मोजके बोलणारा, सरळ आणि जड हाताचा वादक. तो वाजवताना डाव्या मनगटात पुष्कळशी धातूची कडी घालत असे. प्रत्येक ठोक्याला ती एकमेकांवर आपटत, आणि तो आवाज मायक्रोफोनमध्ये शिरून थेट तबकडीवर उतरला. तोच आमच्या घरातला खुळखुळाट. २००८ मध्ये एका रात्री कामावरून परतल्यावर मी ही एक ओळ वाचली आणि बराच वेळ पडद्याकडे पाहत राहिलो. शुद्ध ध्वनीचा आग्रह धरणाऱ्या कोणत्याही स्टुडिओत रोबोला आधी कडी काढून ठेवायला सांगितले गेले असते. इथे ती तशीच राहिली, आणि त्यामुळे आज चार दशकांनंतरही त्या खोलीत एका माणसाचे मनगट हलताना ऐकू येते.

तबकडी १९८१ च्या डिसेंबरात बाहेर पडली, पण सुखासुखी नव्हे. युनिकॉर्न स्टुडिओची तबकड्या काढणारी स्वतःची कंपनी होती आणि तिचे वितरण एमसीए या बड्या कंपनीकडे होते. छापलेला माल तयार असताना एमसीएच्या वितरण विभागाच्या प्रमुखाने ती ऐकली आणि एक पालक या नात्याने आपल्याला ही तबकडी आईवडिलांच्या विरोधातली वाटते असे सांगून वितरणातून अंग काढून घेतले. बँडचे लोक कारखान्यात गेले आणि त्या गृहस्थांचे तेच वाक्य छापलेल्या चिठ्ठ्या त्यांनी वेष्टनांवरच्या एमसीएच्या चिन्हावर स्वतःच्या हातांनी चिकटवल्या. खरे कारण नीतीचे नसून युनिकॉर्नच्या देण्याघेण्याचे होते, असे एसएसटीत काम केलेल्या मंडळींनी पुढे सांगितले आहे आणि मला ते पटण्यासारखे वाटते. त्याच महिन्यात इंग्लंडच्या दौऱ्यावरून परतताना व्हिसाच्या अडचणीमुळे रोबो मागे अडकला आणि बँडमधून सुटला. कड्यांचा आवाज असलेली ही त्यांची एकमेव पूर्ण लांबीची तबकडी ठरली.

पुढचे दोन वर्षांचे प्रकरण कोर्टाचे आहे. पैशांवरून युनिकॉर्नशी दावा लागला आणि बँडला स्वतःच्या नावाने किंवा चिन्हाने काहीही प्रसिद्ध करायला मनाई झाली. त्यांनी जुन्या गायकांबरोबरच्या मुद्रणांचा संग्रह वेष्टनावर बँडचे नाव न घालता काढला. कोर्टाने तो अवमान ठरवला आणि गिन व डुकोवस्की यांना पाच दिवस तुरुंगात काढावे लागले. १९८३ च्या अखेरीस युनिकॉर्नचे दिवाळे निघाले तेव्हा नाव परत मिळाले. लगेच १९८४ या एका वर्षात त्यांनी तीन नव्या तबकड्या काढल्या, कारण नाव गोठले होते तेव्हाही सराव गोठलेला नव्हता.

ती ओळ वाचल्याच्या दुसऱ्या दिवशी रविवार होता. मी बाबांना कड्यांची हकिकत सांगितली. त्यांना तो पावसाळ्यातला प्रसंग आठवत होता. जुना टेप माळ्यावरून खाली काढला, रबरी पट्टा सैल झाला होता तो त्यांनी बदलला, मुंडी स्पिरिटच्या बोळ्याने पुसली, आणि मी कॅसेट लावली. चाळीत दुपारची सामसूम होती म्हणून आवाज अगदी बेताचा ठेवला. पहिली बाजू त्यांनी पूर्ण ऐकली, मान तिरपी करून, मधूनमधून उजव्या हाताचे बोट हलके उचलत. जिथे कडी वाजत तिथे ते बोट उचलले जाई. मग बटण खट्‌कन वर आले. मी कॅसेट काढून ठेवू लागलो.

“पलीकडे एक राहिलंय ना?” ते म्हणाले.

मी बाजू उलटली. शेवटचे गाणे संथ आहे, जड पावलांनी चालणारे, आणि त्यातले बोल रोलिन्सने स्टुडिओत उभ्या उभ्या सुचतील तसे म्हटलेले आहेत. ठोक्यांच्या मधली जागा त्यात इतकी मोठी आहे की कडी स्वच्छ ऐकू येतात.